आर्डिसच्या टेबलावरचा निळा भोपळा

आर्डिस टोलेफसनच्या घरी थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर हनुवटीच्या वर काही ठेवायचं नाही, असा नियम आहे. फुलदाणी असो, मेणबत्ती असो, कणसांची जुडी असो, बसलेल्या माणसाच्या हनुवटीपेक्षा उंच दिसली की ती टेबलावरून खाली. एका वर्षी चर्चच्या पाद्रीबाई हौसेने शेवंतीचा उंच गुच्छ घेऊन आल्या होत्या. आर्डिसने तो त्यांच्या देखत उचलला आणि गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. परत आल्यावर म्हणाली, "समोरच्याचं तोंड दिसणार नसेल तर एकत्र जेवायचं कशाला?" आणि पाद्रीबाईंच्या ताटात बटाटे वाढले. नियम मुळात तिच्या आईचा. पंचवीस वर्षांत तो मोडलेला मी एकदाच पाहिला, आणि मोडणारी खुद्द आर्डिसच होती.

आमचं गाव विस्कॉन्सिनच्या पश्चिमेला, नदीच्या वळणावर. दोन चर्च आहेत, दोन्ही एकाच पंथाची, आणि साठ वर्षांपूर्वी कुठल्याशा पियानोवरून जो अबोला धरला तो अजून चालू आहे. त्यामुळे इथल्या माणसांना रुसायचं कसं हे कोणी शिकवायला नको. आर्डिस एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या बहुतेकांना तिने जेवू घातलंय आणि वाटाणे कोण रुमालात लपवायचा हे तिला अजून पाठ आहे. आमचा शेरीफ कमरेला पिस्तूल लावून फिरतो, पण आर्डिस आसपास असली की ताट लख्ख करून उठतो.

ही सगळी नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं. कौतुक करणं यांच्या जिवावर येतं. "वाईट नाही" म्हणाले तर समजायचं, फार आवडलं. "वेगळंच आहे" म्हणाले तर समजायचं, पुन्हा आणू नका. माझी हिरवी चटणी गेली पंचवीस वर्षं "वेगळीच" आहे. मीही दर वर्षी नेते. मी काय कमी हट्टी आहे?

मी गावच्या वाचनालयात काम करते आणि आर्डिसच्या घरापासून मक्याच्या एका शेताइतक्या अंतरावर राहते. ती माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी मोठी. पहिली दोन वर्षं तिला नुसतं नावाने हाक मारताना माझी जीभ अडखळायची. मग एकदा तिनेच विचारलं, "तुझ्या घशात काही अडकतं का गं?" तेव्हापासून आर्डिस.

तिच्या टेबलाची तयारी ऑक्टोबरातच सुरू होते. ओकची पानं लाल झाली की ती टोपली घेऊन निघते आणि मला मागे ओढते. पानं मेणकागदाच्या दोन तावांत घालायची, वरून कोमट इस्त्री फिरवायची. रंग महिनाभर टिकतो. शेताच्या कुंपणावर नारिंगी फळांची एक वेल चढलेली असते, तिच्या डहाळ्या कापून आणायच्या, पण फळं फुटायच्या आत. उशीर झाला तर आणता आणताच निम्मी गळतात. मग काळ्या-तांबड्या-जांभळ्या दाण्यांची कणसं, मूठभर गव्हाच्या लोंब्या आणि काचेच्या बुटक्या बरण्यांत पाण्यावर तरंगणाऱ्या लालबुंद क्रॅनबेरी, त्यावर चपट्या मेणबत्त्या. लोंब्या तिच्या नवऱ्याने, हार्लनने, शेत विकायच्या आधी कापून ठेवलेल्या. हार्लनला जाऊन चार वर्षं झाली, पण लोंब्या अजून तशाच आहेत. काय कुठे ठेवायचं यात माझं काही चालत नाही. मी एखादं पान सरळ ठेवलं की ती न बोलता तिरकं करते, आणि खरं सांगायचं तर ते तिरकंच छान दिसतं.

पण या सगळ्याच्या खाली जे असतं ते महत्त्वाचं. पांढऱ्या जाड कापडाचा एक लांबलचक टेबलक्लॉथ. त्या टेबलाशी जो पहिल्यांदा जेवायला बसेल त्याने मऊ पेन्सिलीने त्यावर आपलं नाव लिहायचं. आपल्या हाताने, आपल्या अक्षरात, एकदाच. मग हिवाळाभर आर्डिस त्या पेन्सिलीच्या रेघेवरून बारीक टाके घालत बसते. दोऱ्याचा रंग त्या वर्षीच्या टेबलावरून ठरतो. ज्या वर्षी पाऊस रुसला आणि पानं तपकिरीच राहिली, त्या वर्षीची नावं तपकिरी. मी आले त्या वर्षी क्रॅनबेरी उदंड होत्या, म्हणून मी लाल.

मी माझं नाव देवनागरीत लिहिलं होतं. जरा खोडी काढावी म्हणूनच. जानेवारीत ती चष्मा कपाळावर चढवून आमच्या दारात उभी. "उज्ज्वला, तुझ्या नावाच्या मधोमध ही काय गाठ मारून ठेवलीयस?" मी म्हटलं, ते जोडाक्षर आहे, जमत नसेल तर मी इंग्रजीत लिहून देते. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वाटाणे लपवताना सापडले. दोन आठवड्यांनी नाव भरून तयार होतं, शिरोरेघेसकट. लिहिताना माझी पेन्सिल एके ठिकाणी घसरली होती, तर ती घसरलेली रेघही तिने टाक्यांनी भरली होती. मी म्हटलं, अगं, ती चूक होती. ती म्हणाली, "तुझ्याच हातची ना?" मला तेव्हा हसू आलं होतं.

कापडाच्या अगदी मध्यावर गव्हाळ पिवळ्या दोऱ्यात पहिल्या वर्षीची नावं आहेत. त्यात एक इंगा, म्हणजे आर्डिसची आई. तिच्या नावाच्या डाव्या हाताला एक वीतभर जागा मोकळी. मला वाटायचं, आईचा मान म्हणून सोडली असेल. मी आले तेव्हापासून जेवताना त्या जागेवर लाल पानांची एक चटई असायची, कापड उघडं पाहिलं ते फार नंतर, आणि मी कधी विचारलं नाही.

नियम मोडला त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आर्डिसला एक पत्र आलं. तिने ते माझ्यापुढे टाकलं आणि इस्त्री फिरवत राहिली. पत्र तिच्या थोरल्या बहिणीचं, लव्हॉनचं. चारच ओळी. ॲरिझोना सोडून आता मिनीॲपोलिसला लेकीकडे राहायला आलेय. या वर्षी थँक्सगिव्हिंगला तुझ्याकडे एक खुर्ची असेल तर मी येईन. नसेल तरी समजून घेईन.

लव्हॉनला मी एकदाच पाहिलं होतं, त्यांच्या आईच्या दफनाच्या वेळी, सगळ्यात मागे उभी. त्याआधी बारा दिवस आम्ही सगळे थँक्सगिव्हिंगला जमलो होतो आणि तिची खुर्ची रिकामी राहिली होती. इंगाबाई तेव्हा शहाऐंशीच्या, आर्डिसकडेच, सगळ्यासाठी दुसऱ्याच्या हातावर. त्या दर पंधरा मिनिटांनी विचारायच्या, लव्हॉन पोचली का? दुपारी बाराला फोन आला, वाटेत बर्फ आहे, विमानं बंद आहेत, येणं जमत नाही. आर्डिसने फोन ठेवला आणि टीव्ही लावला. ॲरिझोनापासून आमच्या दारापर्यंत आभाळ स्वच्छ होतं. इंगाबाई संध्याकाळपर्यंत विचारत राहिल्या. एवढं मला ठाऊक होतं, आणि दोघी बहिणी एकोणीस वर्षं एकमेकींशी बोललेल्या नाहीत हेही.

"मग? येऊ देत की," मी म्हटलं.

"अक्षर बघितलंस का? हे लव्हॉनचं नाही, तिच्या लेकीचं. लव्हॉन शाळेत मुलांना अक्षर शिकवायची. अख्ख्या तालुक्यात तिच्यासारखं अक्षर नव्हतं. आणि मला चार ओळी स्वतः लिहायला तिचा हात उचलत नाही."

मी म्हटलं, तिने माफी मागण्याएवढं लिहिलंय, कोणाच्या हातून का असेना. आर्डिसने पुढचं पान इस्त्रीखाली घेतलं. पण चार दिवसांनी तिने उत्तर पाठवलं. "खुर्ची आहे." बाकी काही नाही. इथल्या हिशोबाने ते लांबलचक पत्र होतं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी गेले तेव्हा टेबलक्लॉथ पसरलेला होता आणि ती खुर्चीत बसून त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. मला जवळ बोलावलं आणि माझं बोट धरून त्या जागेवर फिरवलं. बोटाखाली खरखर लागली. कापडात बारीक बारीक भोकं होती, मुंग्यांच्या रांगेसारखी.

आई गेल्यावर त्या जानेवारीत तिने लव्हॉनचं नाव उसवलं होतं. रागाच्या भरात, दोन दिवस बसून, एकेक टाका. "वाटलं होतं, धुतलं की भोकं बुजतील. एकोणीस वर्षं धुतेय. बुजत नाहीत." आणि मग, कापडावरची नजर न काढता म्हणाली, "ती आल्या आल्या आपलं नाव बघेल. प्रत्येकजण बघतो. तिने ते पाहिलं ना, तर ती कोट घालून निघून जाईल. एक्क्याऐंशीची आहे. पुन्हा यायची नाही."

आर्डिस घाबरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. हार्लनच्या आजारपणात ती खंबीर होती. आणि आज कापडावरच्या भोकांपुढे बाई हात चोळत बसली होती. मला भरून आलं, पण इथे भरून आल्याचं दाखवायची पद्धत नाही, म्हणून मी उपाय सुचवायला लागले. दुसरं कापड घाल. म्हणाली, पहिलाच प्रश्न येईल, नावांचं कुठे आहे? मग नेहमीची पानांची चटई घाल. म्हणाली, लव्हॉन ती एका बोटाने बाजूला सारेल. बरं, भोकांवरूनच पुन्हा टाके घाल. तर म्हणाली, "आणि अक्षर? पेन्सिल कधीच धुऊन गेली. भोकांवरून माझंच अक्षर येईल. या कापडावर दुसऱ्याच्या हातचं नाव? ती तर खोटी सही झाली." मी म्हटलं, मग तिला सरळ सांगून टाक. यावर तिने मला चहा विचारला, म्हणजे तो विषय संपला.

बुधवारी सकाळी टेबल मांडायला गेले तर बाहेरच्या पायरीवर एक भोपळा. भोपळा कसला, धोंडाच तो. निळसर राखाडी, अंगभर चामखिळी, दोन्ही टोकांना निमुळता, सात-आठ किलोंचा. आर्डिस म्हणाली, उचल. दोघींनी मिळून तो आत आणला आणि तिने तो बरोबर मध्यावर, त्या भोकांवर ठेवला. एका बाजूला बसून पाहिलं. पलीकडच्या खुर्चीवरच्या माणसाचं फक्त कपाळ दिसत होतं.

"आर्डिस, हनुवटी," मी म्हटलं.

"दिसतंय मला."

मग दिवसभर ती त्या भोपळ्याला टेबलात मुरवायचा प्रयत्न करत राहिली. भोवती लाल पानं, पानांवर वेलीच्या डहाळ्या, जांभळी कणसं तिरकी टेकवून, लोंब्या दोन्हीकडे पसरून, क्रॅनबेरीच्या बरण्या चार कोपऱ्यांना. सगळे रंग मिळून इतके सुंदर दिसत होते की मी तिथून हलेना. लाल आणि नारिंगीच्या मधोमध तो निळा राखाडी ढीग, संध्याकाळी शेकोटीपाशी येऊन बसलेल्या म्हाताऱ्यासारखा. प्रत्येक ताटाशी तिने मक्याचा एकेक दाणा ठेवला, जेवणाआधीच्या प्रथेसाठी. लव्हॉनची खुर्ची तिने तीनदा बदलली. आधी टोकाला, मग भोपळ्यापासून दूर, आणि शेवटी आपल्याच समोर, भोपळ्याच्या पलीकडे. मी म्हटलं, तिथे तर ती तुला दिसणारच नाही. तिने ताट एक बोटभर सरकवलं. "बघू," म्हणाली.

गुरुवारी दुपारी एकला आम्ही जमलो. हरणाच्या शिकारीचे दिवस होते, त्यामुळे आर्डिसचा मुलगा कर्टिस जंगलातूनच आला, भडक नारिंगी जाकीट घालून. ते त्याने खुंटीला लावलं तेव्हा आर्डिस म्हणाली, टेबलाला जुळतंय, राहू दे. कर्टिसची बायको ॲपल-पाय भाजून घेऊन आली. आमचे हे बरणीभर चटणी सांभाळत आले. आणि दहा मिनिटांनी एक गाडी थांबली, तीतून लव्हॉनची लेक गेल उतरली आणि तिच्या हाताला धरून लव्हॉन.

उंच, ताठ, पांढरे केस नीट विंचरलेले. उजवा हात कोटाच्या खिशात. दारात दोघी बहिणी समोरासमोर उभ्या राहिल्या.

"रस्ता बरा होता?" आर्डिसने विचारलं.

"वाईट नाही," लव्हॉन म्हणाली.

एकोणीस वर्षांनंतरचं बोलणं एवढंच. मग कर्टिस पुढे झाला. "मावशी, कोट दे. आणि ती चटणी वाढली तर थोडीच घे, वेगळीच असते." माझ्याकडे बघून त्याने डोळा मारला. मी त्याला मनातल्या मनात दुवा दिला, कारण सगळे हसले आणि आत आले.

लव्हॉनने बसण्याआधी टेबल पाहिलं. सगळं पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. भोपळ्यापाशी तिची नजर थांबली. खुर्चीत बसली, उजवा हात मांडीवर, टेबलाखाली. मी आर्डिसकडे पाहिलं तर ती भोपळ्याआड अर्धी गायब, नुसते केस आणि चष्म्याची वरची कड. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या टेबलाशी कोणाचं तोंड कोणाला दिसत नव्हतं.

जेवणाआधी लाकडी वाडगा फिरतो. ज्याच्याकडे येईल त्याने आपला मक्याचा दाणा त्यात टाकायचा आणि कशाबद्दल आभार मानायचे ते एका वाक्यात सांगायचं. कर्टिसने कोरड्या बुटांबद्दल आभार मानले. त्याच्या बायकोने कर्टिस घरात नसलेल्या पाच दिवसांबद्दल. गेलने आईला इतका लांबचा प्रवास झेपल्याबद्दल. मग वाडगा लव्हॉनकडे आला.

तिने डाव्या हाताने वाडगा धरला आणि दाणा उचलायला उजवा हात वर काढला. तेव्हा आम्ही पाहिलं. तो हात थांबत नव्हता. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत थरथर, वाऱ्यातल्या पानासारखी नाही, त्याहून बारीक आणि न संपणारी. दाणा चिमटीत आला, वाडग्याच्या काठावर टकटक वाजला आणि खाली पडला. पानांमधून घरंगळत जाऊन भोपळ्याला टेकला.

मी आर्डिसकडे बघायला वाकले. तिला भोपळ्याच्या कडेने तो हात दिसला होता. तिच्या डोळ्यांपुढे ते पत्र आलं असणार, लेकीच्या अक्षरातलं.

लव्हॉनने दाणा घ्यायला हात लांबवला, पण पोचेना. तिने हात मागे घेतला आणि भोपळ्याकडे बघत म्हणाली, "आर्डिस, हे आईने उचलून अंगणात फेकलं असतं."

गेलने आईच्या बाहीला हात लावला.

"मी तीन तास गाडीत बसून आले," लव्हॉन म्हणाली. "मला तुझं तोंड दिसत नाहीये."

आर्डिस उठली. कर्टिस मदतीला उठू लागला तर त्याला तिने हातानेच बसवलं. सत्याहत्तर वर्षांच्या बाईने तो सात-आठ किलोंचा भोपळा छातीशी धरला, डहाळ्यांची फळं गळत गेली, एक बरणी हिंदकळली, आणि ती तो घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली. कापड उघडं पडलं. इंगाबाईंचं पिवळं नाव, आणि शेजारी रिकामी जागा, त्यात भोकांची रांग. आर्डिस परत आली आणि खुर्चीमागे उभी राहिली, शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावलेल्या मुलीसारखी.

लव्हॉन वाकली. तिने थरथरणारं बोट भोकांवर ठेवलं आणि हळूहळू पुढे नेलं, जणू वाचतेय. मला आठवतं, मी तेव्हा तिच्या कोटाकडे पाहिलं. तो दारामागच्या खुंटीवर होता.

"किती बारीक टाके घातले होतेस," ती म्हणाली.

"उसवायला दोन दिवस लागले," आर्डिस म्हणाली.

"आई गेल्यावर?"

"जानेवारीत."

लव्हॉनने मान हलवली. मग म्हणाली, "बर्फ नव्हतं तेव्हा."

"माहीत आहे."

"तिकीट होतं माझ्याकडे. बॅग भरलेली होती. आईला तशी बघायची माझी छाती झाली नाही. मला वाटलं, मी नाही बघितलं तर ती तशी नसेल."

आर्डिसचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला. "हे तू मला सांगितलं नाहीस."

"आता सांगतेय."

टर्की निवत होती आणि रश्श्यावर साय धरत होती. कोणाला त्याचं काही नव्हतं. आमचे हे, ज्यांना भूक लागली की घरात कोणी दिसत नाही, तेसुद्धा काटा खाली ठेवून बसले होते. आर्डिस वळली, कपाटाचा खण उघडला आणि हार्लनची सुतारकामाची मऊ पेन्सिल काढली. आधी ती गेलपुढे ठेवली, कारण गेल त्या टेबलाशी पहिल्यांदाच बसत होती. गेलने एका कोपऱ्यात नाव लिहिलं. मग आर्डिसने पेन्सिल उचलून लव्हॉनपुढे ठेवली.

कर्टिस म्हणाला, "पण मावशीने एकदा लिहिलं होतं ना? नियम एकदाच..."

"ते मी उसवलं. नियम मला शिकवू नकोस."

लव्हॉनने पेन्सिलीला हात लावला नाही. "माझं अक्षर आता बघण्यासारखं राहिलं नाही, आर्डिस. दोन वर्षं झाली. म्हणून तर पत्र गेलकडून लिहून घेतलं. तुला दाखवायची लाज वाटली."

मला वाटलं, आर्डिस आता तिचा हात हातात घेईल, किंवा म्हणेल की असू दे, मी लिहिते. मी असते तर दोन्ही केलं असतं, आणि वर रडलेही असते. आर्डिसने तसं काही केलं नाही. ती टेबलाला वळसा घालून आली, लव्हॉनच्या शेजारी उभी राहिली आणि त्या मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंना तळवे ठेवून कापड ताणून धरलं. एवढंच. आणि थांबली.

लव्हॉनने लिहिलं. खूप वेळ लागला. पेन्सिल भोकांत अडकायची, घसरायची, रेघ वर जायची, खाली यायची. अक्षरं मोठी होत गेली आणि पुढे पुढे सरकत गेली. आर्डिसचे हात हलले नाहीत. शेवटच्या अक्षराची शेपटी लव्हॉनला आवरता आली नाही, ती लांबत गेली आणि शेजारच्या आईच्या नावाच्या पहिल्या अक्षरात जाऊन घुसली. लव्हॉनने पेन्सिल ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

"वाईट नाही," आर्डिस म्हणाली.

मग ती आपल्या जागी जाऊन बसली आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मध्ये आता हनुवटीएवढंही काही नव्हतं. लव्हॉनचा पडलेला दाणा आर्डिसने उचलून वाडग्यात टाकला. कशाबद्दल ते तिने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. रस्सा पुन्हा गरम करावा लागला. लव्हॉनने माझी चटणी दोनदा घेतली आणि म्हणाली, ही वेगळी नाही, ही चांगली आहे. ॲरिझोनात राहून बाई बिघडली, असं कर्टिस नंतर म्हणाला.

जानेवारीत नदी गोठली तेव्हा मी आर्डिसकडे गेले. ती खिडकीपाशी कापड मांडीवर घेऊन बसली होती. दोरा निळसर राखाडी होता. मी विचारलं, या वेळी टेबलावर इतकं लाल होतं, नारिंगी होतं, हा रंग का? ती म्हणाली, सगळ्यांच्या लक्षात कोण राहिला? भोपळाच ना?

मी वाकून पाहिलं. लव्हॉनची प्रत्येक थरथर तिने टाक्यांत घेतली होती. एकही रेघ सरळ केली नव्हती, कुठेच सावरून घेतलं नव्हतं. जुन्या भोकांवरून नवी अक्षरं वेडीवाकडी चालली होती. शेवटच्या अक्षराची शेपटी तेवढी राहिली होती, इंगाबाईंच्या नावात शिरलेली. मी विचारलं, हीसुद्धा भरणार का? की नावाच्या अलीकडेच थांबवायची?

तिने सुईत दोरा ओवला, चष्मा नीट केला.

"आईपर्यंत पोचलीय ना ती?" आर्डिस म्हणाली. "मग पोचू दे."